नाण्यांची झीज, कापसाचा भाव आणि औंढ्याचा आरसा

पुसेगाव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर साताऱ्याकडचे, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे पुसेगाव उभे राहते. येथे अभिप्रेत आहे ते दुसरे पुसेगाव, हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातले. हा जिल्हा वयाने लहान आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन तो अस्तित्वात आला. त्याआधी हिंगोली नगराची ओळख निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी अशी होती, आणि त्याच्याही आधी या भूमीची ओळख होती संत नामदेवांची नरसी आणि औंढ्याचा नागनाथ. सोयाबीन, कापूस आणि हळद ही येथील शेतकऱ्यांची पिके. पाऊस बरा झाला तर वर्ष निभावते. भाव बरा मिळाला तर मुलीचे लग्न निघते.

या जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ दुधाळा गावाच्या परिसरात, ११ मे २०२३ रोजी ‘लायगो-इंडिया’ या प्रयोगशाळेची पायाभरणी झाली. त्याच्या महिनाभर आधी केंद्र सरकारने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मान्यता दिली होती. विश्वात दूरवर दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशातून जी गुरुत्वीय लहर निघते ती टिपण्याचे हे यंत्र. वर्तमानपत्रांतून त्याचे वर्णन पुष्कळ आले. परंतु ते बहुधा ‘अमेरिकेचे यंत्र भारतात येणार’ अशा थाटाचे होते. त्यात असत्य काही नाही, पण अपुरेपण फार आहे. या यंत्राला सर्वांत जास्त भीती कशाची, आणि त्या भीतीचा हिशेब मांडण्याचे शास्त्र कोठून आले, याचा माग काढू लागलो की आपण पॅरिसच्या रोखेबाजारात, मुंबईच्या कापूसबाजारात आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात जाऊन पोहोचतो. पदार्थविज्ञान, धातू-काचांचे शास्त्र आणि पैशाचे गणित या तीन विद्या एकाच घरात जन्मल्या, आणि पुढे त्या एकमेकींना ओळखेनाशा झाल्या.

प्रारंभ एका वनस्पतिशास्त्रज्ञापासून होतो. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन हा स्कॉटिश अभ्यासक परागकणांतून निघालेले सूक्ष्म कण पाण्यात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. कण स्थिर राहीनात. ते जागच्या जागी थरथरत, धडपडत, दिशाहीन भटकत. ही जीवनाची खूण असावी असे प्रथम वाटणे स्वाभाविक होते. पण ब्राउन चिकित्सक होता. त्याने दगडाची पूड, काचेची पूड, असे निर्जीव पदार्थही पाण्यात टाकून पाहिले. तेही तसेच थरथरले. जीव नाही, तरी हालचाल आहे, आणि ती थांबत नाही! या कोड्याचे उत्तर मिळायला पाऊणशे वर्षे लागली.

ते उत्तर आइन्स्टाईनने १९०५ साली दिले, हे शालेय पुस्तकांतही असते. त्याच्या पाच वर्षे आधी त्याच कोड्याचे गणित दुसऱ्या एका माणसाने दुसऱ्याच कारणासाठी सोडवले होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. लुई बाशेलिए हा ल हाव्र येथील मद्यव्यापाऱ्याचा मुलगा. आईवडील १८८९ साली पाठोपाठ वारले. शिक्षण सोडून त्याला घरचा व्यापार पाहावा लागला, पुढे सैन्यातली सक्तीची चाकरी करावी लागली. उशिरा पॅरिसला येऊन त्याने गणिताचा अभ्यास केला आणि २९ मार्च १९०० रोजी आपला प्रबंध सादर केला. विषय होता सट्ट्याचा सिद्धान्त! फ्रेंच सरकारच्या कर्जरोख्यांचे भाव पॅरिसच्या बाजारात रोज खालीवर होत. बाशेलिएने असे मांडले की उद्याचा भाव वर जाईल की खाली, हे आजचा बाजार सांगू शकत नाही. भाव एखाद्या दिशाहीन वाटसरूसारखा चालतो. मात्र तो किती दूर भटकेल याला नियम आहे. काळ चौपट झाला तर भटकंतीचा पल्ला चौपट होत नाही, दुप्पट होतो. काळ नऊपट झाला तर तिप्पट.

परीक्षक होते आंरी प्वांकारे, त्या काळचे अग्रगण्य गणिती. त्यांनी प्रबंधाचे गुण ओळखले; पण आपले उमेदवार सामान्यतः ज्या विषयांवर लिहितात त्यांपासून हा विषय काहीसा दूर आहे, अशी नोंदही केली. बाशेलिएला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही. पुढची पंचवीस-सव्वीस वर्षे त्याने तात्पुरत्या नोकऱ्यांवर काढली, आणि १९२७ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, बझांसाँ या गावी त्याला प्राध्यापकपद लाभले. १९४६ साली तो वारला तेव्हा बाहेरच्या जगात त्याचे नाव जवळजवळ कोणी घेत नव्हते. विद्यापीठांतील सोवळेओवळे ही काही केवळ आपल्याच देशाची मिरास नाही.

आइन्स्टाईनला बाशेलिएचा प्रबंध ठाऊक असल्याचा कोणताही पुरावा नाही. तो बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होता आणि अणुरेणू खरोखर आहेत की ती केवळ सोयीची कल्पना आहे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. त्याने दाखवले की पाण्याचे अदृश्य रेणू त्या सूक्ष्म कणाला सर्व बाजूंनी अखंड धक्के देतात. ते धक्के क्षणोक्षणी एकमेकांस पुरते भागत नाहीत, म्हणून कण थरथरतो. आणि त्याच्या भटकंतीचा नियम? काळ चौपट, पल्ला दुप्पट. रोख्यांच्या भावाचा नियम आणि पाण्यातील कणाचा नियम अक्षरशः एकच निघाला. फ्रान्सच्या जाँ पेरँने प्रयोगांनी तो पडताळून पाहिला, त्यावरून रेणूंची गणना केली, आणि १९२६ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. अणू आहेत की नाहीत, हा वाद तेथे मिटला.

आइन्स्टाईनच्या त्या लेखात आणखी एक बीज होते, आणि औंढ्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचे. जे रेणू कणाला ढकलतात, तेच त्याच्या चालीला अडवतातही. पाण्याचे घर्षण आणि कणाची थरथर ही एकाच कारणाची दोन फळे होत. जेथे घर्षण तेथे थरथर, हा त्याचा भावार्थ. १९५१ साली कॅलन आणि वेल्टन या दोघा अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांनी त्याला व्यापक नियमाचे रूप दिले. या नियमाकडे पुन्हा यावयाचे आहे. तूर्त बाजाराकडे वळू.

बाजाराच्या भटकंतीचा अनुभव मुंबईने बाशेलिएच्या कितीतरी आधी घेतला होता. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचे मोल आले. हिंगोलीच्या उत्तर शिवेवरचा वऱ्हाड तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होता; कापसाच्या गाड्या तिकडून मुंबईकडे वाहत होत्या. मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पटींनी विकले गेले. प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर बँका कर्ज देत. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या पूर्ततेचा दिवस उजाडला आणि पुरते करायला कोणाकडेच काही उरले नव्हते. मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही पुढे टिकली नाही. या प्रलयातून सावरलेल्या व्यापाऱ्यांनी १८७५ साली बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन स्थापन केली. आपल्या देशातील वायदेबाजाराच्या संघटित इतिहासाची सुरुवात तेथून धरतात.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बाशेलिएच्या गणितात लहान धक्के पुष्कळ आणि फार मोठे धक्के जवळजवळ अशक्य असतात. पाण्यातल्या कणाला ते लागू पडते. १८६५ च्या मुंबईला ते लागू पडत नाही. ही विसंगती शास्त्रीय रीतीने दाखवून दिली ती बनुआ मांडेलब्रो याने, १९६३ साली, आणि त्यासाठी त्याने निवडलेला माल होता कापूस. अमेरिकन बाजारांतील कापसाच्या भावांच्या दीर्घ नोंदी तपासून त्याने सिद्ध केले की मोठे हिसके हे बाशेलिएच्या हिशेबापेक्षा कितीतरी अधिक वेळा बसतात. कापूस पिकवणाऱ्याला हे सांगायला गणितज्ञ लागत नाही, हे खरे. पण गणितज्ञांना सांगायला मात्र लागला.

दुर्दैव असे की अर्थशास्त्राने त्या वेळी दुसरी वाट धरली होती. पॉल सॅम्युएल्सन याच्यामुळे बाशेलिएचा विसरलेला प्रबंध नव्याने उजेडात आला. १९६४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. १९७३ साली ब्लॅक, शोल्स आणि मर्टन यांनी त्या पायावर असे सूत्र उभारले की, पुढे ठरावीक भावाने माल घेण्या-देण्याच्या हक्काची आज रास्त किंमत काय, हे कोणीही यंत्रावर काढू शकेल. सूत्र सुंदर होते. त्यात भरायची एकच गोष्ट निरीक्षणाने ठरवावी लागे : भावाची थरथर किती मोठी? १९९७ साली शोल्स आणि मर्टन यांना नोबेल स्मृतिपारितोषिक मिळाले. ब्लॅक १९९५ मध्येच वारला होता. हे दोघे लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूकसंस्थेत भागीदार होते. ऑगस्ट १९९८ मध्ये रशियाने कर्जफेड थांबवली, बाजाराला मांडेलब्रोच्या जातीचा हिसका बसला, आणि सप्टेंबरमध्ये चौदा बँकांना सुमारे ३६० कोटी डॉलर घालून ती संस्था सावरून घ्यावी लागली. सूत्र चुकले होते असे म्हणता येणार नाही. थरथरीची जात ओळखण्यात चूक झाली होती.

आता पुण्याकडे येऊ, कारण या इतिहासातील सर्वांत लोभस प्रकरण तेथे घडले.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. त्यांच्यासोबत दामोदर बालपणीच अमेरिकेला गेले, हार्वर्डमधून १९२९ साली पदवी घेऊन परतले, आणि काशी व अलीगढ येथे शिकवून पुढे पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. मराठी वाचक त्यांना इतिहासकार म्हणून ओळखतो. त्यांचा इतिहास सुरू झाला तो मात्र तराजूपासून.

तक्षशिलेच्या भीर टेकाडावर १९२४ साली आहत नाण्यांचा एक मोठा साठा सापडला होता. चांदीचे लहान, ओबडधोबड तुकडे आणि त्यांवर ठसे. ना राजाचे नाव, ना सन. यांचा काळ कसा ठरवावा? कोसंबींनी विचार केला की नाणे हातोहात फिरते तसे झिजते. प्रत्येक व्यवहारात किती झिजेल ते सांगता येत नाही, तो योगायोगाचा भाग. पण हजारो व्यवहारांनंतर झिजेला नियम येतो. एका टांकसाळीतून एका वेळी निघालेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळाच्या प्रमाणात घटत जाते, आणि त्याच वेळी नाण्यानाण्यांतील वजनाचा फरक वाढत जातो. म्हणजे नाणीही परागकणांप्रमाणे भटकतात. जागेवरून नव्हे, वजनात. हे केवळ कल्पनेने मानून ते थांबले नाहीत. चलनात असलेली आपल्या काळची नाणी मोठ्या संख्येने गोळा करून, एकेक नाणे तराजूत घालून त्यांनी नियम पडताळला, आणि मग तो प्राचीन चांदीला लावला. नाण्यांच्या मागील बाजूस असलेल्या बारीक खुणा जसजशा अधिक, तसतसे सरासरी वजन कमी, असे त्यांना आढळले. त्यावरून त्यांनी अनुमान केले की या खुणा व्यापाऱ्यांनी ठरावीक काळाने नाणी तपासून उमटवल्या असाव्यात. ‘आहत रौप्य नाण्यांचे अध्ययन आणि मापन’ या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा निबंध १९४१ साली प्रसिद्ध झाला.

धातू कसा झिजतो हा पदार्थशास्त्राचा प्रश्न, झीज योगायोगाने कशी साठते हा भौतिकीचा आणि गणिताचा, आणि नाणे फिरते कोणाच्या हातातून हा अर्थव्यवहाराचा. हे तिन्ही प्रश्न कोसंबींच्या टेबलावर एकाच तराजूत होते. आज विद्यापीठांतून यांसाठी तीन वेगळ्या इमारती असतात.

दोनच वर्षांनी, १९४३ साली, त्यांनी भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. योगायोगाने वेडीवाकडी धावणारी एखादी रेषा घ्या. पावसाची म्हणा, भावाची म्हणा, तारेच्या थरथरीची म्हणा. तिचे पृथक्करण काही ठरावीक आकारांत करता येते, असे त्यांनी दाखवले. आकार कायम, प्रत्येक आकार या खेपेला किती प्रमाणात आला, एवढेच योगायोगावर सोपवलेले. आणि गंमत अशी की पुष्कळदा पहिल्या तीनचार आकारांतच रेषेचे बहुतेक वर्तन सामावते. आपल्या हार्मोनियमवर सूर मोजकेच असून राग अनंत निघतात, त्याच्या उलट बाजूने जाणारा हा विचार आहे : अनंत वाटणाऱ्या गोंधळातून मोजके सूर काढावयाचे. फिनलंडच्या कार्हुनेन आणि फ्रान्सच्या लोएव्ह यांनी हीच गोष्ट स्वतंत्रपणे काही वर्षांनी मांडली आणि जगाने तिला बराच काळ त्या दोघांचेच नाव दिले. आता अनेक ग्रंथांतून कोसंबींचे नाव आरंभी जोडले जाते. कर्जरोख्यांच्या व्याजदरांचे चढउतार मोजक्या आकारांत बसवणारी बँकांची गणिते याच कल्पनेच्या कुळातली. आवाज आणि प्रतिमा आटोपशीर करणारी तंत्रेही त्याच कुळातली.

पुढे १९४५ साली होमी भाभा यांनी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था उभारली आणि कोसंबी तेथे गेले. घर पुण्यात, काम मुंबईत. दख्खनच्या राणीने त्यांचे जाणेयेणे चाले. २९ जून १९६६ रोजी ते निवर्तले. तोवर त्यांची ख्याती इतिहासकार म्हणून झाली होती. तो छोटा निबंध पुष्कळांनी वाचलाही नव्हता.

आता आरशाकडे. गुरुत्वीय लहर आली की अवकाश एका दिशेने किंचित ताणले जाते आणि काटकोनातल्या दिशेने आकसते. म्हणून लायगोच्या यंत्राला काटकोनात दोन भुजा असतात, प्रत्येक चार किलोमीटर लांब. भुजा म्हणजे पोलादी नळ्या. आत हवा जवळजवळ नाहीच. नळीचे पोलादसुद्धा साधे चालत नाही. त्यात मुरलेला हायड्रोजन वर्षानुवर्षे झिरपत राहतो आणि निर्वात बिघडवतो, म्हणून ते आधी तापवून कोरडे करून घ्यावे लागते. लेसरचा प्रकाश दोन्ही भुजांतून जातो, टोकाच्या आरशांवरून परततो, आणि दोन किरण एकमेकांत मिसळतात तेव्हा कोणती भुजा किती बदलली ते कळते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांनी पहिली लहर टिपली तेव्हा तो बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याएवढा होता.

मग आरसाच थरथरत असेल तर? आणि तो थरथरतोच. काच कितीही शांत दिसो, तिच्यातले रेणू तापमानामुळे हलत असतात. येथे तो नियम कामी येतो : जेथे अंतर्गत घर्षण कमी, तेथे थरथरही आटोक्यात. हे समजून घेण्यास घंटेसारखे दुसरे साधन नाही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा तेथील चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले; भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. अशा घंटेला एक टोल दिला की नाद किती वेळ घुमतो! तांबे आणि कथील यांच्या त्या मिश्रधातूत अंतर्गत घर्षण थोडे, म्हणून ऊर्जा लवकर विरत नाही. तडा गेलेली घंटा ‘खट्’ करून गप्प होते. आता नियमाची खुबी अशी की दीर्घकाळ घुमणारी वस्तू आपली औष्णिक थरथर आपल्याच स्वरात कोंडून ठेवते. इतर स्वरांत ती शांत असते. बसक्या आवाजाची वस्तू मात्र सर्व स्वरांत थोडीथोडी कुजबुजत राहते. लहर ज्या स्वरात येणार तेथे आरसा शांत हवा, म्हणून आरसा उत्तम घंटेसारखा हवा.

लायगोचा आरसा शुद्ध सिलिकेच्या काचेचा असतो : ३४ सेंटिमीटर व्यास, २० सेंटिमीटर जाडी, ४० किलो वजन. तो टांगलेला असतो त्याच काचेच्या चार तंतूंवर, आणि तंतूची जाडी असते सुमारे ०.४ मिलिमीटर. पोलादी तार अधिक मजबूत वाटेल. पण तिच्यात घर्षण अधिक, म्हणून ती वर्ज्य. काच या कामी अप्रतिम ठरली. अडचण निघाली ती भलत्याच ठिकाणी. काचेवर प्रकाश परतवण्यासाठी सिलिका आणि टँटलम ऑक्साईड यांचे एकाआड एक थर द्यावे लागतात. या लेपाची एकूण जाडी काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी. पण टँटलमच्या थरातील अंतर्गत घर्षण काचेच्या हजारो पटींनी अधिक. वीस सेंटिमीटरच्या निर्मळ काचेवर जणू धुळीचा पापुद्रा. आणि यंत्राच्या सर्वांत संवेदनशील पट्ट्यात तो पापुद्राच सर्वाधिक कुजबुजतो. या कुजबुजीला शास्त्रज्ञांनी नावही ब्राउनचेच दिले आहे.

गेल्या पंचवीस वर्षांतील पदार्थशास्त्राचे केवढे संशोधन या पापुद्र्याभोवती फिरते आहे! टँटलममध्ये टायटॅनियम मिसळल्याने घर्षण घटते असे आढळले, आणि सध्याचे लेप त्याच मिश्रणाचे आहेत. २०१३ साली गॅलियम आर्सेनाइडच्या जातीचे स्फटिकी थर काचेवर चिकटवून एका गटाने लेपाची ब्राउनी थरथर दसपट कमी करून दाखवली. पण एवढ्या मोठ्या आरशाएवढे निर्दोष स्फटिक वाढवणे सोपे नाही. २०२१ मध्ये जर्मेनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साईडांचे मिश्रण पुढे आले. जपानच्या कागरा यंत्राने वेगळी वाट धरली : आरसे नीलमण्याच्या जातीच्या स्फटिकाचे, आणि तेही शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपास गारठवलेले, म्हणजे थरथरीचे मूळ जे तापमान तेच कमी. कोणती वाट अखेर जिंकेल हे आज कोणी छातीठोकपणे सांगू नये.

थरथरीतून लहर वेगळी काढण्याच्या कामी आपल्याकडच्या माणसांचा वाटा फार मोठा आहे. १९७० साली सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी गणिताने दाखवले की कृष्णविवरालाही टोल दिला तर ते घुमते, आणि तो नाद विशिष्ट रीतीने विरतो. पुण्याच्या आयुकात, म्हणजे जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभारलेल्या संस्थेत, संजीव धुरंधर यांनी बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ साली आराखडा दिला की अपेक्षित लहरींचे कोणते नमुने घेऊन गोंगाटाशी ताडून पाहावेत, आणि किती नमुने पुरेत. तेव्हा यंत्र उभेही नव्हते! २०१५ ची पहिली लहर दोन यंत्रांत सुमारे सात मिलिसेकंदांच्या अंतराने आली; १३० कोटी प्रकाशवर्षांवरची ती टक्कर ११ फेब्रुवारी २०१६ रोजी जगाला कळली. विश्वेश्वरा ते ऐकायला हयात होते; पुढल्या जानेवारीत ते गेले. १४ जानेवारी २०२५ रोजी टिपलेल्या एका अतिशय स्पष्ट लहरीत तो विरत जाणारा नाद इतका स्वच्छ मिळाला की त्यातील एकाहून अधिक स्वर वेगळे काढता आले.

दोन यंत्रांनी लहर ऐकू येते, पण ती आकाशाच्या नेमक्या कोणत्या कोपऱ्यातून आली ते नीट कळत नाही. त्यासाठी दूरवर आणखी कान हवेत. भारतीय शास्त्रज्ञांचा ‘इंडिगो’ हा गट २००९ पासून त्यासाठी झटत होता. आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केलेले यंत्र तिकडे जमले नाही, आणि १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, शोध जाहीर झाल्यावर सहाव्या दिवशी, केंद्राने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. समुद्रापासून दूर, महानगरांपासून दूर, सपाट आणि शांत अशी जागा शोधत शोधत शास्त्रज्ञ दुधाळ्याला येऊन थांबले. २०३० च्या सुमारास यंत्र सुरू करण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आहे. आयुकासोबत इंदूर, गांधीनगर आणि मुंबई येथील अणुऊर्जा विभागाच्या संस्थांवर ही जबाबदारी आहे.

एकीकडे जिल्ह्याच्या मातीत थरथर दडपण्यावर एवढा खर्च होत असताना त्याच मातीतून निघणाऱ्या हळदीचे काय? वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिचा वायदा मुंबईस्थित एनसीडीईएक्स बाजारात चालतो. २०२३ च्या वसंतात क्विंटलला सात हजारांच्या खाली असलेला हा वायदा त्याच वर्षीच्या ऑगस्टपर्यंत पंधरा हजारांच्या पुढे गेला. ज्याने मार्चमध्ये विकली त्याचे नुकसान, ज्याने राखली त्याचा लाभ. आणि राखू कोण शकतो, तर ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही तो. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीतील पेवांत वर्षानुवर्षे साठवत. भावाची थरथर सोसण्याचे ते आपल्याकडचे जुने यंत्रच म्हटले पाहिजे. २००५ च्या महापुराने त्यातील पुष्कळ पेवे निकामी केली. सोयाबीनचे तर असे की डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने त्याचे वायदेच एक वर्षासाठी थांबवले आणि पुढे ती मुदत वाढवली. त्याने भाव स्थिरावले की शेतकऱ्याला पुढचा भाव दिसण्याची एकमेव खिडकी मिटली, याविषयी अर्थशास्त्रज्ञांत एकमत नाही. माझ्या मते खिडकी मिटल्याने वारा थांबत नाही. पण ज्या खिडकीपर्यंत पुसेगावच्या दोन एकरवाल्याचा हात पोहोचतच नव्हता, ती उघडी होती म्हणून त्याचे काय भले झाले, हेही विचारावे लागते. आरशाच्या लेपावरील थरथर पाच-दहा टक्क्यांनी घटावी म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा वर्षानुवर्षे राबतात. लहान शेतकऱ्याच्या उत्पन्नाची थरथर मोजण्यासाठी तेवढ्या चिकाटीचे काम मला कोठे दिसत नाही, आणि गणित तर दोहोंचे एकच आहे.

औंढ्याची भूमी शांत म्हणून निवडली गेली, तरी ती अगदी निश्चल नाही. २०२४ च्या मार्च आणि जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरच्या आसपासचे धक्के बसले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात भूगर्भातून येणारे आवाज गावकरी कित्येक वर्षे ऐकत आहेत. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली त्या पिढीला अशा आवाजाने झोप लागत नाही. यंत्राला असे धक्के सोसता येतात; आरसे काही काळ डळमळतात, नोंद थांबते, पुन्हा सुरू होते. रोजचे त्रास वेगळे असतात. अमेरिकेत लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला जवळच्या आगगाडीची आणि जंगलतोडीची धडधड जाणवते. हॅनफर्डच्या यंत्रात एकदा विचित्र ठोके उमटू लागले. शोध घेता असे निघाले की बाहेरच्या थंडगार नळीवर साचलेले हिम तहानलेले डोमकावळे चोचीने टोचत होते. ती नळी झाकण्याची व्यवस्था करावी लागली. दुधाळ्याच्या यंत्राजवळ उद्या हळदीची पोती भरलेला ट्रॅक्टर वसमतच्या मोंढ्याकडे निघाला, तर त्याचीही खडखड तेथील भूकंपमापकावर उमटेल, आणि कोणी तरुण संशोधक ती वेळ लिहून ठेवून तेवढा भाग हिशेबातून वगळील.